रविवारची डोकेदुखी आणि 250 मिलीची बाटली

प्रश्न : मुलगा नववीत आहे, वय 14, वजन 42 किलो. संध्याकाळी 5 ला क्लासला जाताना एक आणि रात्री 10 ला अभ्यासाला बसताना एक, अशा एनर्जी ड्रिंकच्या दोन बाटल्या पितो. रविवारी क्लास नसतो, बाटलीही नसते; नेमकं त्याच दुपारी डोकं दुखतं. चष्म्याचा नंबर तपासला, तो ठीक आहे. काय करावं?
– एक आई, लालबाग

उत्तर : ही डोकेदुखी बहुधा कॅफीन न मिळाल्याची आहे. रोज घेणाऱ्याचं कॅफीन थांबलं की 12 ते 24 तासांत डोकं धरतं. शनिवारी रात्री 10 ची बाटली आणि रविवारची दुपार, हिशेब जुळतो.

बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडे अशा पेयांत लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीनची मुभा आहे. 100 मिलीत 29 मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर 250 मिलीत सुमारे 72, दोन बाटल्यांत 145. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 मध्ये मुलांसाठी धरलेली मर्यादा वजनाच्या किलोमागे दिवसाला 3 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला 126. घरचा चहा वेगळाच. लेबलवर ‘दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त नको’ असतं, ते वाचून पुष्कळ पालक निर्धास्त होतात. ती सूचना मोठ्यांसाठी आहे. मुलांनी पिऊ नये, हे तिथेच शेजारी छापलेलं असतं. शुगरफ्री घेतल्याने साखर टळते, कॅफीन नाही.

खरं नुकसान रात्रीच्या बाटलीने होतं. मेंदूत दिवसभर साठणारं अ‍ॅडेनोसिन झोपेची सूचना देतं, कॅफीन ती अडवतं. थकवा जात नाही, फक्त जाणवेनासा होतो. घेतलेल्यातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. पहाटे 3 ला अर्धी बाटली अंगात असतेच. मग सकाळी शाळेत पेंग, आणि 5 वाजता पुन्हा बाटली.

एकदम तोडू नका, डोकेदुखीला कंटाळून मुलगा परत वळेल. आधी रात्रीची बंद. चार दिवसांनी संध्याकाळची अर्धी, आणखी चार दिवसांनी तीही बंद. मधल्या काळात डोकं दुखलं तर पाणी आणि झोप. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, पाकीट बघूनच द्या. 5 वाजता त्याला खरी भूक लागलेली असते, कारण डबा दुपारीच संपलेला असतो. पोळीभाजीचा रोल, केळं किंवा भाजलेले चणे दप्तरात ठेवा.

छातीत धडधड थांबत नसेल, छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडला किंवा फिट आली, तर घरी थांबू नका, 108 ला फोन करा.

प्रश्न : शाळेच्या गेटसमोरच्या दुकानात ही पेयं सर्रास मिळतात. बंदी आहे ना?
– एक पालक, मालाड

उत्तर : शाळेपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफीनची पेयं विकू देणार नाही, असं तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत सांगितलं होतं. तुम्ही मात्र दुकानदाराशी आजच बोला, पालक-शिक्षक संघातले चौघे मिळून जा. भांडण नको, बाटलीवरची ‘मुलांसाठी नाही’ ही ओळ दाखवा आणि गणवेशातल्या मुलाला देऊ नका, एवढंच मागा. फ्रिजमध्ये त्या जागी ताक ठेवायला सांगा.