खापरपणजी शिक्षिका होती, पण नावापलीकडे फारसं काहीच माहीत नाही. शोध कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की खापरपणजी 1880च्या सुमारास पुण्यात मास्तरीण होती आणि कुलवृत्तांतात (घराण्याच्या छापील इतिहासात) तिच्यावर एकच ओळ आहे. माझं अगदी असंच होतं. दोन वर्षं मी माझ्या खापरपणजीचं नाव दप्तरांत शोधण्यात घालवली. खरं तर नवऱ्याचं शोधायला हवं होतं. जुन्या दप्तरात बाई 'अमुक कोम तमुक' किंवा 'अमुक भ्र. तमुक' अशीच सापडते. कोम म्हणजे बायको, भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा.

मला वाट मिळाली ती देवघराच्या फडताळात. तुमच्याकडे श्राद्धपक्ष करत असतील तर तर्पणाची जुनी यादी आधी मागा. आमच्या पणजोबांच्या हातच्या यादीत 'माता'च्या खाली 'सापत्नमाता', म्हणजे सावत्र आई होती. घरात कोणालाच माहीत नव्हतं की पणजोबांच्या वडिलांची दोन लग्नं झाली होती! आमची खापरपणजी दुसरेपणावर दिलेली. ती ऐन तरुणपणी विधवा का झाली आणि नोकरीकडे का वळली, याचा अंदाज तिथे आला. शिक्षिका घडवणारं पुण्याचं फीमेल ट्रेनिंग कॉलेज 1870मध्ये निघालं. शिक्षकांच्या बायका आणि विधवाही तिथे शिकायला येत.

तुमच्या खापरपणजीच्या मुलींची सासरं अजिबात सोडू नका. मुलीचा मुलगा तर्पणात तिला 'मातामही' (आईची आई) म्हणून घेतो, म्हणजे त्या घरच्या यादीतही ती आहे. शिवाय आईच्या वस्तू मुलींकडेच जातात. माझ्या खापरपणजीचा एकुलता एक फोटो मला अशाच एका घरी, ट्रंकेच्या तळाशी मिळाला.

कुलवृत्तांतातली ती ओळ पुन्हा वाचा. माहेरचं आडनाव असेल तर त्या घराण्याचा कुलवृत्तांत काढा, लेकी तिथे सासरच्या नावाने असतात. मृत्यू खेड्यात झाला असेल तर तहसील कचेरीत गाव नमुना 14 मागा, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची नोंदवही. जुनं असेल तर ते मोडी लिपीत असतं, जाणकार सोबत न्या. मी एकटाच गेलो आणि नुसती वळणं बघून परत आलो.

शाळेची जुनी रजिस्टरं मात्र नशिबाचा भाग. आमच्या गावच्या शाळेत वाळवी लागलेल्या गठ्ठ्यात एक हजेरीपट निघाला, महिनाअखेरीस माझ्या खापरपणजीची सही. शेजारच्या मास्तरांच्या सह्या मोडीत, हिची बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, एकेक अक्षर सुटं.