परप्रांतातून आलेल्या देहविक्रय करणाऱ्या महिलांपर्यंत एचआयव्ही प्रतिबंध पोहोचवायला जनजागृती शिबिरे पुरतील का?

पुरणार नाहीत. शिबिराला येतात त्या बहुधा वर्षानुवर्षे एकाच वस्तीत राहणाऱ्या महिला. आपण ज्यांच्याविषयी विचारले आहे, त्या शिबिराच्या दिवशी दुसऱ्याच जिल्ह्यात असतात. मी जळगाव जिल्ह्यात एका टीआय प्रकल्पात, म्हणजे एचआयव्हीची जोखीम जास्त असलेल्यांसाठीच्या प्रतिबंध प्रकल्पात, समुपदेशक होते आणि याच मुद्द्यावर तेव्हाच्या व्यवस्थापकांशी माझे चांगलेच वाजले होते.

रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्यांची वर्दळ वाढली की महामार्गालगतच्या वस्तीत बंगाल-कर्नाटकातून आलेले नवे चेहरे दिसत. त्यांतली एक, बंगालची, तपासणीला आली तेव्हा मी मूठभर निरोध पुढे केले, तर तिने दोनच उचलून ब्लाउजमध्ये खोचले. जास्त नेले तर घरवाली, म्हणजे कुंटणखान्याची मालकीण, काढून घेते, पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवते आणि आपण फुकट दिलेला निरोध पैसे लावून तिच्याच हिशेबात चढवते, असे तिने मोडक्या हिंदीत सांगितले. छाप्यात पाकिटे सापडली की ती पंचनाम्यात धंद्याचा पुरावा म्हणून येतात, या धास्तीने घरवालीही पेटीत मोजकीच ठेवत असे. एचआयव्ही कशाने होतो हे या बाईला माझ्याइतकेच ठाऊक होते. तिला आणखी कोणते भित्तिपत्रक दाखवायचे?

मी तिची नोंद करायला घेतली, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "ताई, ही पोळ्यापर्यंत सुरतेला जाईल, मग पुढच्या तपासण्यांत आपला टक्का घसरेल. नाव चढवू नका." गृहस्थ वाईट नव्हते, नोंदलेल्यांपैकी किती जणी पुढच्या तपासण्यांना आल्या, त्या टक्क्यावरच प्रकल्पाचे मूल्यमापन होत असे, पण जी फिरतीवर आहे तिलाच वगळायचे असेल, तर कार्यक्रम कोणासाठी चालवायचा? मी नाव चढवले. ती खरोखरच सुरतेला गेली, परंतु तिच्या संमतीने मी तिथल्या कार्यकर्तीला आधीच कळवले होते, आणि तिची पुढची तपासणी तिथे चुकली नाही.

तेव्हा शिबिराचा मंडप आणि पाहुण्यांचे हार यांवरचा खर्च वाचवून त्याच महिलांमधून, त्यांची भाषा बोलणारी पीअर, म्हणजे त्यांच्यातलीच कार्यकर्ती, नेमा. सरकारी केंद्रातील तपासणी सकाळच्या ओपीडीच्या वेळेत असते आणि रात्रभर जागलेल्या बायका तेव्हा झोपलेल्या असतात, म्हणून बोटाच्या थेंबावरची प्राथमिक चाचणी दुपारी वस्तीतच करा. निरोध घरवालीकडे खोक्याने न सोपवता बाईच्या हातात, थोडे थोडे आणि वारंवार द्या. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी आधीच घ्यायच्या प्रेपच्या गोळ्यांबाबत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे 2022 मध्ये आली आहेत. या गोळीला गिऱ्हाइकाची संमती लागत नाही, हा तिचा मोठा गुण, मात्र गरमी-परम्यासारख्या इतर गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 च्या आदेशात दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत: निरोध बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, आणि राहण्याचा दाखला नसला तरी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर या महिलांना आधार कार्ड मिळावे. आपल्या भागातील पोलिस ठाण्यात या आदेशाची प्रत कोणी नेऊन दिली आहे का, हे आधी पाहा. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, हेही घरवालीसमोर ठणकावून सांगावे लागते.

हे सर्व सज्ञान आणि स्वतःहून या कामात असलेल्या महिलांविषयी आहे. अठरा वर्षांखालील मुलगी किंवा डांबून ठेवलेली बाई दिसली तर प्रश्न आधी सुटकेचा असतो. शिवाय माझा अनुभव एका तालुक्याचा आहे, नंदुरबारकडची परिस्थिती वेगळी असू शकेल. मात्र टक्क्याचे दुखणे सगळीकडे सारखेच असणार, असे मला वाटते. ज्या प्रकल्पाने बाईला पुढच्या जिल्ह्याशी जोडून दिले, त्याच्याही खात्यात तिची पुढची तपासणी मोजावी. अहवालात तेवढा एक रकाना असता, तर आमच्या व्यवस्थापकांनी स्वतःच मला नावे चढवायला वस्तीत पिटाळले असते.