कॉम्प्युटरच्या बोर्डावर पोराला बसवू का?

प्रश्न : नमस्कार सर, माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली बुद्धिबळ खेळतोय. आमच्या भागात सुट्टीत स्पर्धा घ्यायचं चाललंय, त्यात एक बोर्ड कॉम्प्युटरचा ठेवणार, प्रत्येकानं त्याच्याशी एक डाव खेळायचा आणि त्याचे पण पॉइंट धरायचे म्हणे. पोरगं आधीच रोज मोबाईलवर हरतंय आणि हरलं की जेवत नाही. खेळवू का? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, पॉइंट धरणार असतील तर नको. खासबागेत कुस्ती लावताना आधी जोड बघतात, जोड तोलामोलाची नसली तर मैदानातली माणसंच ओरडतात. माणूस आणि कॉम्प्युटर ही जोड एके काळी होती, आता नाही.

१९९६ ला फिलाडेल्फियात विश्वविजेत्या कास्पारोव्हनं डीप ब्लू या आयबीएमच्या कॉम्प्युटरला ४-२ हरवलं, पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये साडेतीन-अडीचनं तो हरला, ते मशीन सेकंदाला २० कोटी पोझिशन बघायचं, पण निकाल काय लागतोय ते कुणालाच माहीत नव्हतं म्हणून सगळं जग बघत होतं. २००५ ला हायड्रा नावाच्या कॉम्प्युटरनं मायकेल अ‍ॅडम्सला सहा डावांत एक बरोबरी तेवढी दिली, आणि अ‍ॅडम्स म्हणजे तेव्हा जगातल्या पहिल्या दहातला. आता तर फोनमधलं स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं फुकट अ‍ॅप माजी विश्वविजेत्या कार्लसनलाही भारी आहे, तिथं तुमच्या लेकराचं काय घेऊन बसलात.

त्याला क्रामनिकचा डाव मात्र नक्की दाखवा. २००६, जर्मनीतलं बॉन, समोर डीप फ्रिट्झ हा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, दुसरा डाव. क्रामनिक काळ्याकडून खेळत होता, तेव्हा तो विश्वविजेता, पोझिशनला काही धोका नाही. ३४ व्या चालीला त्यानं वजीर ई३ या घरात ठेवला आणि शांतपणे उठून प्यायचा कप घेऊन निघाला. पांढऱ्यानं वजीर एच७ वर आणला, त्याला एफ८ वरच्या घोड्याचा जोर होता, मात! एका चालीची मात विश्वविजेत्याला दिसली नाही. परत येऊन बसला, कपाळाला हात लावला. असं मशीनचं कधी होत नाही, ते दमत नाही आणि त्याला घड्याळाची भीती पण नसते. पोराला हे एकदा कळलं की मोबाईलवरची हार त्याला लागणार नाही.

कॉम्प्युटर टाकून द्या असं मी अजिबात म्हणत नाही, मी स्वतः पोरांना तो रोज वापरायला सांगतो, पण डाव झाल्यावर. आधी समोरच्या खेळाडूबरोबर बसून डाव परत लावायचा, आपलं कुठं चुकलं ते वहीत स्वतः लिहायचं, आणि मगच इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम, लावून बघायचं. आधीच इंजिन लावलं तर पोरगं स्वतः विचारच करत नाही हो, कोण वरचढ ते दाखवणारा नुसता आकडा बघतं, प्लस की मायनस.

आयोजकांना कॉम्प्युटर ठेवायचाच असेल तर बाजूला वेगळं टेबल लावू दे, पॉइंट नाहीत आणि मशीननं वजीर काढून खेळायचं, पोरं स्वतःहून रांग लावतील. खरी काळजी घ्यायची ती हॉलमधल्या मोबाईलची. खिशात फोन घेऊन बाथरूमला जाऊन इंजिनाची चाल बघून आलेला एक जण सगळ्या स्पर्धेची वाट लावतो. फोन दारातच जमा करून घ्या हे त्यांना आत्ताच सांगा, आणि तुमच्यासारखे चार पालक मिळून जा, एकट्याचं कोण ऐकत नाही.