गुलामगिरी संपल्यावर अमेरिकेत कुणी कोर्टात जाऊन भरपाई मिळवली का?

हो, हेन्रिएटा वुडने. १८४८ ला सिनसिनाटीत कायदेशीर मुक्त झालेली बाई, १८५३ मध्ये फसवून नदीपलीकडे, गुलामगिरी चालू असलेल्या केंटकी राज्यात नेली आणि तिथल्या झेबुलन वॉर्ड या डेप्युटी शेरीफने परत गुलाम म्हणून विकून टाकली, मग मिसिसिपीत कापसाच्या मळ्यात राबणं, पुढे टेक्सास, परत यायला १८६९ उजाडलं. तोवर वॉर्ड जेलचे ठेके घेऊन, कैदी राबवून गब्बर झालेला. तरी १८७० ला तिने त्याच्यावर २०,००० डॉलरचा दावा ठोकला, केवढी हिंमत! केस आठ वर्षं रखडली. १८७८ ला फेडरल कोर्टात बाराही गोऱ्या लोकांच्या ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला, पण फक्त २,५०० डॉलर. एवढ्या वर्षांच्या मेहनतीचं हे मोल मला तरी पटत नाही. तिचा मुलगा आर्थर पुढे शिकागोत वकील झाला.