वाचकांचे प्रश्न: चायनीज नॉटिंग

प्रश्न: चायनीज नॉटिंग, म्हणजे दोरीच्या शोभेच्या चिनी गाठी, शिकायचंय, पण गाठ ओढली की सगळा गुंताच होतो. दोरी कुठली घेऊ, सुरुवात कशाने करू?

उत्तर: आधी दोरी बदला, सॅटिनची दोरी दिसते भारी पण फार सटकते, शिकताना २ मिमीची विणलेली नायलॉनची घ्या. पहिली डबल कॉइन नॉट (एकमेकांवर चढलेल्या दोन नाण्यांसारखी गाठ), मग क्लोव्हरलीफ (पानांसारख्या लूपची गाठ). ती फेमस पानचांग (चौकोनी, जाळीसारखी विणलेली गाठ) लगेच नको हं, तिला थर्माकोलवर टाचण्या लावून दोरी फिरवावी लागते. खरी मेहनत घट्ट करण्यात आहे, दोन्ही टोकं धरून खेचलंत की आकार गेलाच, त्यापेक्षा मधला भाग बसवा आणि मग ढिली दोरी एकेक लूपमधून टोकाकडे सरकवत न्या, वेळ लागतो, लागू दे. शेवटी टोकं कापून लायटरने हलकेच वितळवा, सुती दोरीला मात्र हे चालत नाही.