वाचकांचे प्रश्न : कॉलेजची फी, परतावा आणि शिष्यवृत्ती

प्रश्न : मुलीने पुण्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. ४२,००० रुपये भरले, त्यात २,००० डिपॉझिट. नंतर कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीत इंजिनिअरिंगला नंबर लागला. आता कॉलेज म्हणते, भरलेली फी परत होत नाही. बारावीची मूळ गुणपत्रिका आणि एल.सी.ही त्यांच्याकडेच आहे. काय करावे?
– एक पालक, बार्शी

उत्तर : पावतीच्या मागे ‘फी परत मिळणार नाही’ असे छापलेले असले, तरी त्यावर विसंबून गप्प बसू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने परताव्याचे टप्पे ठरवून दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर १०० टक्के. शेवटची तारीख १५ दिवसांच्या आत आली असेल, तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर शून्य. १०० टक्क्यांच्या टप्प्यात कॉलेज प्रक्रिया खर्च म्हणून फीच्या ५ टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये कापू शकते. डिपॉझिट फीमध्ये धरत नाहीत, ते कोणत्याही टप्प्यात पूर्ण परत.

तुमचा हिशेब असा. फी ४०,००० धरायची. शेवटच्या तारखेच्या २० दिवस आधी अर्ज दिला असेल, तर ३८,००० अधिक डिपॉझिटचे २,०००. तारखेनंतर १० दिवसांनी दिला असेल, तर ३२,००० अधिक २,०००. वीस दिवस उलटले असतील, तर २०,००० अधिक २,०००. एखाद्या वर्षी आयोग विद्यार्थ्यांना आणखी सवलत देतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कपात, असे कळवले होते. त्यामुळे आधी चालू वर्षाचे पत्रक पाहा.

टप्पा ठरतो तो लेखी अर्जाच्या तारखेवरून, आणि बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. ‘साहेब सुटीवर आहेत, सोमवारी या’ असे ऐकत दोन आठवडे गेले की ९० टक्क्यांचे ८० होतात आणि ८०चे ५०. अर्ज दोन प्रतींत लिहा. त्यात प्रवेश क्रमांक, पावती क्रमांक, रद्द करण्याची तारीख आणि खाते क्रमांक घाला. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का देत नसतील, तर त्याच दिवशी तोच अर्ज प्राचार्यांना ई-मेल आणि स्पीड पोस्टने पाठवा. अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे परत करणे कॉलेजवर बंधनकारक आहे.

मूळ कागदपत्रे कॉलेजने पडताळून तिथल्या तिथे परत द्यायची असतात, अडवून ठेवता येत नाहीत. त्याच अर्जात त्यांची नावानिशी मागणी करा. दाद लागली नाही तर आधी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती, मग विद्यापीठाचा लोकपाल. आयोगाच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवरही तक्रार टाका, शिक्क्याची प्रत जोडून.

आणि इंजिनिअरिंगचा प्रवेश पुढे सोडायचा झालाच, तर तिथले नियम वेगळे. सीईटी सेलने (राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष) जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत स्वतःच्या लॉगिनमधून ऑनलाइन रद्द करावे लागते आणि सही केलेली प्रत कॉलेजात द्यावी लागते. त्यात १,००० रुपये कापले जातात. तारीख चुकली तर डिपॉझिटवरच समाधान मानावे लागते.

प्रश्न : मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी आहे. घरचे उत्पन्न १ लाख ८० हजार. महाडीबीटीवर (राज्याचे शिष्यवृत्ती पोर्टल) भारत सरकार शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर दिसतो, पण खात्यात काहीच नाही. कॉलेज फीसाठी मागे लागले आहे.
– विद्यार्थी, परभणी

उत्तर : या योजनेत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात येतो, राज्याचा ४० टक्के वेगळा. म्हणजे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. तुमचा आधार क्रमांक एनपीसीआयच्या (बँकांमधील पेमेंट व्यवस्था चालवणारी संस्था) नोंदीत ज्या बँकेशी जोडलेला आहे, तिथे जातात.

बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स देणे म्हणजे केवायसी झाले, सीडिंग (एनपीसीआयच्या नोंदीत आधार त्या बँकेशी जोडणे) नव्हे. आधार दहा खात्यांना लागलेले असू शकते, पण सीडिंग एका वेळी एकाच बँकेचे, आणि शेवटी ज्या बँकेला संमती दिली तिचेच. मोबाइलच्या दुकानात बसल्या बसल्या उघडलेले पेमेंट्स बँकेचे खाते कित्येकदा असेच पुढे येते, आणि पैसे तिथे पडून असतात.

‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. तिथे बँकेचे नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ किंवा ‘इनॲक्टिव्ह’ दिसते. नाव दुसऱ्या बँकेचे असेल, तर आधी त्या खात्याचे स्टेटमेंट काढा. रक्कम आलेली असू शकते. नसेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरून पोच घ्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. खाते अपुऱ्या केवायसीचे ‘छोटे खाते’ असेल, तर त्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि मोठी रक्कम परत फिरू शकते. केवायसी पूर्ण करून घ्या.

कॉलेजला मंजुरीच्या पानाची प्रिंट आणि ‘रक्कम आली की फी भरतो’ असा अर्ज द्या. आणि रक्कम आली की खरोखरच लगेच भरा. ते पैसे घरखर्चात गेले, तर पुढच्या वर्षी परीक्षा फॉर्मच्या वेळी तुम्हीच अडकाल.

प्रश्न : मुलींना शिक्षण मोफत झाले ना? मग ओबीसी मुलीकडून कॉलेज २६,००० का मागते?
– एक आई, चाळीसगाव

उत्तर : ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने माफ झाली ती शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची रक्कम, तीही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींसाठी. प्रवेश व्यावसायिक अभ्यासक्रमाला आणि केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही यातून वगळली आहेत, आणि हे प्रवेशाच्या वेळी कुणी आपणहून सांगत नाही.

डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, वसतिगृह, बस हे सगळे माफीबाहेर. म्हणून ‘एकूण २६,०००’ अशी एकरकमी पावती घेऊ नका, बाबवार मागा. त्यात ‘शिक्षण शुल्क’ ही ओळ निघाली, तर ती रक्कम देय नाही. मंजूर फी किती आहे ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसते. पावतीशी ताडून बघा.

प्रश्न : शिष्यवृत्तीचा अर्ज ‘सेंड बॅक’ (दुरुस्तीसाठी परत) झाला. नवा भरू का?
– विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : नको. त्याच अर्जातला शेरा वाचून तेवढीच दुरुस्ती करा आणि पुन्हा सादर करा. बहुतेक वेळा कारण किरकोळ असते : उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला किंवा वाचता न येणारा, कॅपचा अर्ज क्रमांक चुकीचा, नाहीतर दुसऱ्या वर्षाला असताना नूतनीकरणाऐवजी नवा अर्ज. दाखला नव्याने काढायचा असेल, तर तहसीलमध्ये आजच अर्ज टाका, कारण दुरुस्तीची मुदत दाखल्यासाठी थांबत नाही. सादर केल्यावर कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाला अर्ज क्रमांक नेऊन द्या. त्यांनी पुढे पाठवल्याशिवाय तो विभागाकडे पोहोचत नाही.