पाइपच्या दोन अगदी वेगळ्या तंबाखू मला सारख्याच का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा: भावाने परदेशातून दोन डबे आणले, एक व्हॅनिलाच्या वासाचा, दुसरा 'इंग्लिश', म्हणजे लटाकिया ही धुरावर काळी केलेली तंबाखू घातलेला. डबा उघडल्यावर वास दोन टोकांचे, पण पाइपमध्ये दोन्ही सारखेच लागतात आणि जीभ भाजते. चव ओळखायला शिकायचं कसं?

शिकायचं नंतर बघू. आधी सांगा, ओढलंत कधी? पावसाळ्यात असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. वीसेक वर्षं पाइप ओढला. एकदा भाच्याने जुलैत व्हर्जिनिया फ्लेकचा डबा आणला. फ्लेक म्हणजे पानं दाबून घट्ट लादी करायची आणि तिच्या पातळ पट्ट्या कापायच्या. कौतुकाने पाइप भरला, तर गरम पाण्याची वाफ पितोय असं वाटलं. तीनदा विझला, चौथ्यांदा जीभ सोलून निघाली. डबा कपाटात ढकलला आणि मनातल्या मनात त्या कंपनीला चार शब्द ऐकवले. उत्तरायणाला सगळं बडोदं गच्चीवर असताना हाताला लागला म्हणून तोच डबा पुन्हा काढला. पाइप तोच, तंबाखू तीच. आणि आता वाळल्या गवताचा वास, मागून गूळ, शेवटी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी. सहा महिन्यांत तंबाखू सुधारली नव्हती, नुसती वाळली होती.

ओली तंबाखू पेटवली की आगीची बरीच ताकद पाणी उडवण्यात जाते. विझू नये म्हणून आपण जोराने ओढतो, ती वाफ जिभेवर येते, आणि भाजलेल्या जिभेला केशर काय नि कोळसा काय. म्हणून मिश्रण बदलण्याआधी ओलावा बदलून बघा. चिमूट बोटांत दाबा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. हळूहळू उलगडली तर ठीक. कुरकुरली तर फार वाळली. ओली असेल तर कागदावर पसरून पंख्याखाली ठेवा आणि अर्ध्या अर्ध्या तासाने बघा. व्हॅनिलावाल्या डब्याला जास्त वेळ लागेल, कारण अशा तंबाखूत ओल टिकावी म्हणून बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं. ते पूर्ण वाळत नाही, चिकटसर राहतं.

आता डब्यातल्या वासाचं. व्हॅनिला पानात नसतो, वरून शिंपडलेला असतो, आणि पेटल्यावर त्याचा मोठा वाटा खोलीतल्या लोकांना मिळतो. आमच्याकडे बायको म्हणायची, 'आज छान वास येतोय', आणि मी इकडे कोमट, फिक्कं काहीतरी ओढत बसलेलो. तुमच्या तोंडात येतं ते खालचं पान. ते बहुधा बर्ली किंवा ब्लॅक कॅव्हेंडिश असतं. बर्ली सावलीत हवेवर वाळवतात, तिच्यात साखर जवळजवळ उरत नाही, म्हणून लागते भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखी आणि वरून घालाल तो वास शोषून घेते. व्हर्जिनिया बंद कोठारात गरम हवेने वाळवतात, तिच्यात साखर टिकते. कॅव्हेंडिश हे झाड नव्हे, प्रक्रिया आहे: वाफ, दाब, गोडवा.

लटाकियाची गोष्टच वेगळी. नाव सीरियातल्या बंदराचं, पण आता ती येते सायप्रसमधून. लहान पानाची पौर्वात्य तंबाखू आधी उन्हात वाळवतात, मग बंद कोठारात टांगून खाली लाकूड नि सुगंधी झुडपं धुमसत ठेवतात, तेही आठवडेच्या आठवडे. पान काळं पडतं. वास? होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातून जाताना येतो तो. त्यात थोडं चामडं, थोडा धूप. नवख्याला वाटतं, ही जहाल असणार. उलट आहे. लटाकिया निकोटिनला तशी सौम्य, दरारा सगळा धुराचा. खरा तडाखा हवा असेल तर आमच्या मही नदीपलीकडच्या चरोतरात या. वासद सोडून आणंद-बोरसदकडे निघालं की हंगामात खळ्यांचा वास गाडीच्या काचेतून आत शिरतो. ती बिडीची तंबाखू, जमिनीवर उन्हात वाळवलेली. कॉलेजात असताना फुशारकीने ती पाइपमध्ये भरली होती. दोन झुरक्यांत भिंत धरून बसलो.

चव कळते ती जिभेला नाही, नाकाला. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि फार तर रश्शासारखी उमामी सांगेल. नाक दाबून बडीशेप चावून बघा, नुसता गोडसरपणा उरतो. नाक सोडलं की बडीशेप 'येते'. पाइपचंही तेच. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात धरायचा आणि थोडासा घशाच्या मागून नाकावाटे सोडायचा. अगदी थोडा, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल.

तुलना करताना मी एवढंच पाळायचो: दोनच तंबाखू, तीन कधीच नाही. वेळ एकच, जेवणानंतर तासाभराने. आधी कोरा चहा. तिखट सेव-उसळ खाऊन चव घ्यायला बसायचं नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आणि मुख्य म्हणजे पाइप. ब्रायरच्या लाकडात लटाकिया घर करते, नंतर त्यात काहीही भरा, तीच बोलते. तुमच्या दोन्ही डब्यांना एकच ब्रायर पाइप वापरला असेल तर 'सारखंच लागतं' यात नवल नाही. मक्याच्या कणसाचे दोन पाइप घ्या. स्वस्त असतात आणि एकेका तंबाखूला एकेक देता येतो. सावकाश ओढा, इतकं की मधून मधून विझला तरी चालेल. वहीत वरचा, मधला आणि तळाचा भाग वेगळा लिहा, कारण तिन्हींची चव बदलत जाते. शब्द आपल्या घरातले वापरा. परदेशी लोक लिहितात 'कॅम्पफायर', आपल्याला हुरड्याची शेकोटी ठाऊक आहे.

कान पुढे तयार झाला की एकाच घराण्यातल्या दोन चिजा ऐका. 'अर्ली मॉर्निंग पाइप' आणि 'नाइटकॅप' नावाच्या दोन तंबाखू घ्या. दोन्ही पूर्वी डनहिलच्या, आता पीटरसनच्या नावाने येतात. दोन्हींत लटाकिया, पण दुसरीत पेरिकही आहे. पेरिक अमेरिकेत लुइझियानाच्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये पिंपांत दाबून आंबवतात. मनुका आणि मिरी एकत्र कुटल्यासारखी लागते. ती मिरी नाकात टोचली की समजा जमलं.

साठवायला घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या, पण नवी. मी लोणच्याची बरणी तीनदा साबणाने, एकदा उन्हात, अशी शुद्ध करून वापरली. पुढे तीन महिने हिंगाची व्हर्जिनिया ओढली.

एक सांगायचं राहिलं. मी आता ओढत नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तुकडा तपासला, काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी पुढचं बोलायची वेळ मी येऊ दिली नाही. धूर छातीत घेतला नाही तरी ओठ, तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, आणि निकोटिनची सवय तोंडातूनही लागते. तुमची अजून सवय झालेली नसेल तर डबे नुसते हुंगून भावाला परत द्यायलाही हरकत नाही. तेवढ्यानेही बरंच कळतं.

ओढणारच असाल तर व्हॅनिलावाला आधी वाळत घाला. इंग्लिश डब्याला नवा पाइप येईपर्यंत हात लावू नका.